गोल्ड कोस्टची ती एक तबकडी

रविवार, रात्री साडेदहा

आज कपाट आवरताना एनसीसीचं प्रमाणपत्र हाती लागलं आणि नेमबाज श्रेयसी सिंह आठवली. 11 एप्रिल 2018, गोल्ड कोस्टची राष्ट्रकुल स्पर्धा, महिलांचं डबल ट्रॅप, म्हणजे हवेत एकदम सुटणाऱ्या दोन तबकड्या बंदुकीने फोडायच्या. ती आणि ऑस्ट्रेलियाची एमा कॉक्स, दोघी 96 गुणांवर. बरोबरी फोडणाऱ्या शूट-ऑफमध्ये एमाची एक तबकडी हुकली, श्रेयसीने दोन्ही फोडल्या. ग्लासगोच्या रौप्यानंतर चार वर्षांनी सुवर्ण.

मी कॉलेजात पॉइंट टू टू रायफल चालवली. तिथे लक्ष्य जागचं हलत नाही. एका तबकडीच्या साध्या ट्रॅपमध्ये समोरच्या खंदकात 15 यंत्रं असतात. आपण आवाज दिला की 11 सेंटीमीटरची तबकडी सुटते, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि कुठल्या बाजूला जाईल ते आधी कळत नाही. विचाराला वेळच नाही. डोळा, खांदा, हात एकदम वळले तरच ती सापडते, आणि ही सवय रोज फैरी झाडूनच टिकते.

म्हणून 2020 मध्ये ती बिहारच्या जमुईतून आमदार झाली, तेव्हा मला वाटलं, आता हिची बंदूक कपाटात गेली. बिकानेरचे नेमबाज करणी सिंह 25 वर्षं लोकसभेत होते आणि पाच ऑलिम्पिकही खेळले, पण ते महाराजा. त्यांची गोष्ट वेगळी.

तिलाही घरचं पाठबळ होतं, हे खरंच. आईवडील दोघं खासदार, आजोबा आणि वडील दोघांनी राष्ट्रीय रायफल असोसिएशनचं अध्यक्षपद सांभाळलेलं. काडतुसांचा खर्च बघता साध्या घरातली मुलगी ट्रॅपकडे वळणार कशी, हे मला अजून सलतं. पण 2010 च्या जूनमध्ये वडील गेले आणि ऑक्टोबरमध्ये ही 19 वर्षांची पोर दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उभी राहिली. ते बळ तिचं स्वतःचं होतं.

मला नोकरी लागली तेव्हा घरात सगळे म्हणाले, आता पुरे झालं ते. मीही रायफल सोडली. हिने आमदारकी मिळाल्यावरही सोडली नाही. मनू भाकर पिस्तुलाच्या दोन प्रकारांत खेळणार होती, त्यामुळे भारताचा एक कोटा, म्हणजे ऑलिम्पिकची एक जागा, मोकळी झाली. ती ट्रॅपकडे वळवून घेतली आणि जमुईची आमदार 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये गेली. 125 पैकी 113 तबकड्या फोडल्या. अंतिम फेरी हुकली.

दुसऱ्याच दिवशी आपल्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य आलं. आनंद मलाही झाला, खूप झाला. पण श्रेयसीचं नाव आमच्याकडे कुणी काढलं नाही. रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तिच्या गावच्या पोरींनी पाहिलं असेल ना गं टीव्हीवर?"