चालणे, तेल आणि विसावा : बेळगाव-खानापूर परिसरातील हिवाळी प्रवास

बेळगावला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे आणि थंड हवेपुरता तो योग्यही आहे. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबरच्या सकाळी स्वेटर लागतोच. मात्र इथे ठरावीक पॉइंट पाहून परतण्यापेक्षा पायी हिंडण्यात अधिक गोडी आहे. शहराच्या पूर्वेला काळ्या मातीचा सपाट मुलूख आहे, तर दक्षिणेला आणि पश्चिमेला खानापूर तालुक्याची तांबडी माती, भातखाचरे आणि त्यापलीकडे सह्याद्रीचे दाट रान सुरू होते. नाशिकहून माझी थोरली बहीण आणि भावोजी आले, तेव्हा या पट्ट्यात जमेल तेवढे चालायचे आणि त्याच प्रवासात आयुर्वेदिक पद्धतीने तेल, शेक आणि विश्रांती घ्यायची, असा बेत आम्ही आखला. दोघांनीही साठी ओलांडली आहे आणि ताईचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात. त्यामुळे बेत आखताना अंतरापेक्षा क्रमाचा विचार अधिक करावा लागला.

सर्वसाधारणपणे लोक चालण्याचे दिवस आधी उरकतात आणि मसाज शेवटच्या मुक्कामासाठी राखून ठेवतात. माझ्या मते ही मांडणी चुकीची आहे, कारण सलग चालून आखडलेल्या अंगाला शेवटी एकदाच तेल लावल्याने शीण उतरतो, पण त्याचा उपयोग पुढच्या चालण्याला होत नाही. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेद ग्रंथाच्या दिनचर्या अध्यायात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे आणि तेवढी मुभाही थंडीत व वसंतातच दिली आहे. इतर ऋतूंत त्याहून कमी. व्यायाम झाल्यावर अंग सुखावेल अशा बेताने सर्वत्र चोळावे, हेही तिथेच आहे आणि अभ्यंगाने, म्हणजे अंगाला तेल चोळण्याने, श्रम व वात कमी होतात, झोप चांगली लागते, डोके, कान व तळपाय यांना तेल विशेषेकरून लावावे, असेही. चालणे आणि तेल या एकाच दिनक्रमातील लागोपाठच्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेऊन आम्ही तेलाचा मुख्य दिवस प्रवासाच्या मध्यावर ठेवला आणि उरलेल्या दिवशी संध्याकाळी मुक्कामावरच पायांना तेल चोळून कढत पाण्याने अंघोळ केली.

अर्धी शक्ती कशी ओळखायची, याची खूण आयुर्वेदाचा दुसरा आचार्य सुश्रुत याने दिली आहे : श्वास तोंडाने येऊ लागला की बळ निम्मे खर्च झाले. चढावर ही खूण मोबाइलवर पावले मोजण्यापेक्षा कितीतरी कामाची ठरली. ताईने तोंड उघडले की भावोजी निमूट बांधावर बसत.

सुरुवात येळ्ळूर आणि राजहंसगडापासून करावी, असे मी सुचवेन. शहरापासून हे अंतर थोडे आहे आणि अंगाची परीक्षाही होते. नोव्हेंबरात भाताची कापणी उरकली की येळ्ळूर, वडगाव, शहापूर या शिवारांतील काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना कोवळे हिरवे पीक असते. पिकातून पाय घालू नये, बांध आणि गाडीवाट सोडू नये, एवढे पथ्य पाळले तर शेतकरी अडवत नाहीत. उलट विचारपूस करतात. गडावर थेट वाहन जाते, पण गावातून पायी चढावे. माथ्यावर सिद्धेश्वराचे मंदिर आणि २०२३ मध्ये उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी होते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे.

दुसरा टप्पा खानापूरचा. बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या काही गाड्या खानापूरला थांबतात आणि बसही वारंवार मिळतात. गावातून मलप्रभेच्या कडेकडेने असोग्याच्या रामलिंगेश्वरापर्यंतची वाट सपाट आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही सहज झेपते. तिथला घाट, नदीतले खडक आणि झाडांची सावली पाहता दुपार तिथेच घालवावी. पाण्यात मात्र खोलीचा अंदाज घेतल्याशिवाय उतरू नये. पुढे नंदगडवरून हलशीला जावे. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे फाशी देण्यात आले आणि त्यांची समाधी तिथेच आहे. हलशी म्हणजे प्राचीन पलाशिका. आद्य कदंब राजघराण्याच्या काळी आणि पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळीही राजधानीचा मान मिळालेले हे गाव आज शांत खेडे आहे. भूवराह नरसिंह मंदिरातील दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि भूवराहाची मूर्ती पाहण्यासाठी मुद्दाम वेळ काढावा. गावातील इतर देवळे पायी हिंडत पाहता येतात; डोंगरावरच्या रामेश्वरापर्यंतचा चढ छोटा असला तरी उन्हाच्या आधी करावा.

यानंतर तेलाचा दिवस. या बाबतीत बारकाईने लिहिणे आवश्यक वाटते, कारण गोव्याकडे जाणाऱ्या जांबोटी-चोर्ला रस्त्यावर आणि बेळगावच्या आसपास आता बरीच विश्रामस्थाने ‘स्पा’, ‘वेलनेस’ आणि ‘पंचकर्म’ हे शब्द एकाच फलकावर लिहितात. पंचकर्म म्हणजे वमन (ओकारी काढणे), विरेचन (जुलाब देणे), बस्ती (गुदमार्गे औषध), नस्य (नाकात औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे). त्यापूर्वी स्नेहन-स्वेदनाची, म्हणजे तेल-तूप देऊन घाम काढण्याची, तयारी करावी लागते आणि वमन-विरेचनानंतर पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज) अशा क्रमाने आहार हळूहळू वाढवावा लागतो. असे उपचार चालू असताना डोंगर चढणे तर सोडाच, दगदगीचा प्रवासही वर्ज्य मानतात. म्हणून एका ठिकाणी आम्हाला ‘दोन दिवसांत संपूर्ण पंचकर्म’ असे पॅकेज सांगण्यात आले, तेव्हा आम्ही आभार मानून निघालो. चालणाऱ्या प्रवाशाला अभ्यंग, सोसेल तेवढे स्वेदन, हवी असल्यास शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार) आणि भरपूर झोप, एवढेच हवे असते. खरोखर पंचकर्म करून घ्यायचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र सुट्टी काढावी आणि रुग्णालयातच जावे; शहापूर येथे १९३३ पासून असलेल्या बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग आहे.

मुक्काम ठरवण्यापूर्वी फोनवर काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. तपासणीसाठी वैद्य प्रत्यक्ष हजर असतात का, की केवळ नाव फलकावर आहे? पुरुषांना पुरुष आणि स्त्रियांना स्त्री परिचारक मिळतात का? तेल कोणते वापरतात, आणि शिरोधारेचे तेल प्रत्येकासाठी वेगळे घेतात का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला, तर मी ते ठिकाण वगळतो. हिवाळ्यात आमच्याकडे तिळाचे तेलच चालते. सांध्यांसाठी महानारायण तेल सुचवले जाते, तेही वैद्यांना विचारूनच.

अभ्यंग रिकाम्या पोटी किंवा हलका नाश्ता पचल्यावर घ्यावे. अजीर्ण, सर्दी-कफ किंवा ताप असेल तर घेऊ नये. पेटीतील वाफ घेताना डोके बाहेर असते, तरीही हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गर्भारपण असल्यास वाफ टाळावी आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम शेकाबाबत विशेष सावध राहावे, कारण चटका बसलेला कळत नाही. तेलानंतर फरशीवर पाय घसरतो. वयस्क माणसांबरोबर कुणीतरी असावे. स्नान कोमट किंवा सोसेल तितक्या कढत पाण्याने करावे, वाऱ्यात बसू नये आणि शिरोधारेनंतर गुंगी आल्यासारखे वाटते, म्हणून त्या दिवशी वाहन चालवू नये. जेवणात मुगाची खिचडी, मऊ भात, तूप पुरे. त्या संध्याकाळी भावोजींनी कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा उघडला, तेव्हा ताईने तो मुकाट्याने बॅगेत परत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई जिना विनासायास उतरली, हे पाहून तेलाचा दिवस मध्ये ठेवल्याचे समाधान वाटले.

तिसरा टप्पा कणकुंबीचा. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे आणि मलप्रभेचा उगम इथेच आहे. असोग्याला जी नदी आपण पाहिली, तिचे मूळ इथे माउली देवीच्या मंदिराजवळ तीर्थाच्या रूपात आहे आणि पुढे ती पूर्वेला वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते. एकाच पावसाचे पाणी अशा रीतीने दोन समुद्रांकडे विभागले जाते. म्हादईच्या पाणीवाटपाचा कर्नाटक-गोवा वाद सर्वांना ठाऊक आहे आणि कळसा नाल्याच्या कालव्याचे काम कणकुंबीजवळ नजरेस पडतेच. तो विषय इथे वाढवत नाही. कणकुंबीहून चिगुळ्याकडचा रस्ता चालण्यास उत्तम आहे : रहदारी कमी, चढ सौम्य आणि शेवटी पठाराच्या कडेवरून खाली उतरत गेलेले डोंगर.

चिगुळ्याच्या वाटेवर आम्ही एका पायवाटेने रानात शिरू पाहत होतो, तेव्हा गुरे राखणाऱ्या एका मामांनी हटकले, “आत एकटं जाऊ नकासा, गवं उतरल्यात.” हा सल्ला अक्षरशः पाळावा. भीमगड अभयारण्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच्या आसपासच्या सर्व रानात गवे व अस्वले आहेत. खानापूर भागात अधूनमधून हत्तीही येतात. उजाडण्यापूर्वी आणि दिवस मावळल्यावर पायवाटा टाळाव्यात, गावातील जाणकार माणूस सोबत घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. भीमगड किल्ला, वज्रपोहा धबधबा यांसारखी ठिकाणे वनखात्याच्या हद्दीत असल्याने परवानगीशिवाय जाऊ नये. बारापेडे येथील गुहांत राउटन यांच्या नावाने ओळखले जाणारे अतिदुर्मीळ वटवाघूळ राहते. तिथे पर्यटक म्हणून जाण्याचा विचारही करू नये.

पावसाळ्यात हा मुलूख कितीही देखणा दिसला, तरी चालण्याच्या सुट्टीसाठी मी तो सुचवणार नाही. कणकुंबी परिसरात पाऊस अक्षरशः कोसळतो, जळवा असतात आणि ओढे अचानक फुगतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मात्र कोरड्या दिवसांत गोचीड असतात आणि शेजारच्या सत्तरी व दोडामार्ग तालुक्यांत २०१५-१६ च्या सुमारास गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले होते. म्हणून लांब विजार घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत, पाचोळ्यावर बसू नये, मुक्कामावर आल्यावर कपडे बदलून अंग नीट तपासावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे. परतल्यानंतर आठवड्याभरात जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना रानात चालल्याचे आवर्जून सांगावे आणि त्या काळात अर्थातच तेलमालिश करून घेऊ नये.

भाषेची अडचण येत नाही. खानापूर तालुक्यातील गावागावांत मराठी बोलली जाते. बसच्या पाट्या मात्र बहुतेक कन्नडमध्ये असतात, म्हणून चालक-वाहकांना विचारूनच चढावे. कर्नाटकातील सरकारी बसमधील महिलांचा मोफत प्रवास त्या राज्यातील रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या भगिनींनी तिकिटाचे पैसे काढून ठेवावेत. कणकुंबीच्या पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नाही, तेव्हा परतीच्या बसची वेळ सकाळीच विचारून घ्यावी आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. शनिवार-रविवारी चोर्ला रस्त्यावर गोव्याकडे जाणाऱ्या वाहनांची रीघ असते. त्या दिवशी डांबरी रस्त्यावरून चालण्यात काही सुख नाही, म्हणून कणकुंबीचा टप्पा आठवड्याच्या मधल्या वारांना ठेवावा. पुण्याकडून येणाऱ्यांसाठी २०२४ पासून सुरू झालेली पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते, परंतु ती रोज नसल्यामुळे आधी गाडीचा वार पाहावा आणि मगच विश्रामस्थानाचे आरक्षण करावे.