जेवला का तो?

रविवार, रात्री

धाकटा वीस महिन्यांचा झाला. कागदोपत्री नाव वेगळं, घरात बंड्या. आज दुपारी वरणभाताचे चार घास नीट खाल्ले, पाचव्याला मान फिरवली, सहाव्याला वाटीलाच हात मारला. भात माझ्या चष्म्यावर. मी म्हटलं, झालं याचं, उठवू या. तर आई म्हणाली, "अरे चार घासांत काय होतंय? आण ती वाटी इकडे."

आई गुहागरहून आली आहे, गणपतीपर्यंत राहणार. वाटी घेऊन ती त्याच्यामागे निघाली. हॉल, बाल्कनी, पुन्हा हॉल, मग जिन्यात. काऊचा घास झाला, चिऊचा झाला, तळमजल्यावरच्या मोत्याचासुद्धा झाला. पाऊण तासाने वाटी रिकामी. आई घामाघूम, पण खूश. बायको खूश. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "वा, आजी आली आणि नातू जेवायला लागला." पुढच्या दहा मिनिटांत बंड्याने सगळं सोफ्यावर काढलं. काकू तेव्हा घरी गेल्या होत्या.

सोफा पुसता पुसता एक गोष्ट लक्षात आली. मुलाच्या पोटात किती गेलं, यापेक्षा वाटी कुणाच्या हातून संपली याला आमच्याकडे जास्त मान आहे. मुलगा जेवला तर आईने जेववला, बायकोने जेववला, मी जेववला. तो स्वतः जेवला असं कुणी म्हणतच नाही. नाही जेवला तरी तेच, कुणीतरी कमी पडलं. त्यातही बाप म्हणून मला सूट आहे. माझ्या हातून खाल्लं नाही तर "पुरुषांना कुठलं जमतंय" एवढ्यावर भागतं. बायकोला तसं कुणी सोडत नाही.

मंगळवार

आज लस होती. सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो, तो उरकला. बंड्या ओरडला तो सुईपेक्षा वजनकाट्यावर उघडं बसवल्यामुळे. १० किलो २०० ग्रॅम.

आई मुद्दाम बरोबर आली होती. तिने डॉक्टरांना सरळ विचारलं, "खात काहीच नाही हो. पहिल्या वर्षी कसा बाळसेदार होता. टॉनिक द्या काहीतरी."

डॉक्टरांनी फाइलमधला वाढीचा तक्ता उघडला. जन्माला २.९ किलो, पहिल्या वाढदिवसाला ८.८, आज १०.२. तिन्ही ठिपके पेनाने जोडले आणि म्हणाले, "आजी, ही रेघ कुठे वाकलीय का बघा. नाही ना? हिरव्या पट्ट्यातच, म्हणजे ठीक चाललीय." मग जे सांगितलं ते मला आधीच कुणी सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षभरात जेमतेम दोन-अडीच किलो चढतात. वाढीचा वेग इतका उतरला की भूकही उतरते. म्हणजे वर्षाचं मूल "अचानक खाईनासं झालं" हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य खोटं नाही, फक्त त्यात आजार नसतो. आपण मात्र बाळ असतानाच्या भुकेच्या हिशेबाने वाटी भरत राहतो. खेळतो, पळतो, शी-शू ठीक आहे, रेघ खाली घसरत नाही, तर टॉनिक कशाला, असं डॉक्टर म्हणाले. दोन वजनांत रेघ खाली आली, तर मात्र लगेच या.

तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा. सहा देशांतली मुलं मोजून केलाय, त्यात आपल्या दिल्लीतली मुलंही होती. हे मी आईला वाटेत रिक्षात सांगितलं, कारण तिचं पुढचं वाक्य "ते परदेशातल्या पोरांचं असेल" हे येणार होतं. आलंच. पण जरा उशिरा.

डॉक्टरांनी एकच गोष्ट धरली, दूध. सकाळी बाटली, दुपारी बाटली, रात्री जेवला नाही म्हणून पुन्हा बाटली. मोजलं तर पाऊण लिटर. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा, म्हणाले. दुधाने पोट भरतं, जेवणाची भूक मरते आणि दुधात लोह नावालाच असतं. याची धास्ती उगाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या ६७ मुलांमध्ये रक्त कमी निघालं होतं. आमच्याकडे आशाताईंनी दिलेलं लोहाचं औषध चालू आहे, आठवड्यातून दोनदा एक मिली. शी काळी झाली म्हणून आईने पहिल्या आठवड्यात घर डोक्यावर घेतलं होतं, ते निराळं. औषध दुधाबरोबर द्यायचं नाही, लिंबू पिळलेल्या वरणाच्या आसपास दिलेलं बरं.

निघताना म्हणाले, "काय द्यायचं, केव्हा द्यायचं, कुठे बसून द्यायचं, हे तुम्ही ठरवा. किती खायचं, हे त्याला ठरवू द्या." बायको कामावर होती, तिला हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. उलट उत्तर, "आईंना पाठव."

बुधवार

पाळणाघरातून त्याला आणायला मुद्दाम लवकर गेलो, जेवणाच्या वेळी. तिथल्या काकू म्हणाल्या, "आत येऊ नका, तुम्ही दिसलात की नाटकं सुरू. खिडकीतून बघा."

सतरंजीवर गोल करून सगळी पोरं. प्रत्येकापुढे स्टीलची छोटी ताटली, मऊ खिचडी, काकडीची लांब फोड, आणि ताटलीखाली जुनं वर्तमानपत्र. आमचे चिरंजीव मधोमध. चमचा डाव्या हातात, शोभेला. उजव्या हाताने खिचडी मुठीत घेतात, मूठ तोंडावर दाबतात, निम्मी आत जाते, उरलेली हनुवटीवरून पोटावर. मग पोटावरची शितं एकेक करून वेचायची, बोट आणि अंगठा जुळवून. एक शीत बोटाला चिकटलं ते त्याने बराच वेळ नुसतं पाहिलं. शेजारच्या मुलीने "अजून" म्हटलं, लगेच हाही "अजू". दुसऱ्यांदा वाढलं. तीही बरीचशी गेली. कुणाचंही लक्ष त्याच्याकडे नव्हतं.

काकूंचं शास्त्र साधं आहे. वीस-पंचवीस मिनिटं ताटली समोर, मग उचलायची. नाही खाल्लं तर रागावायचं नाही आणि लगेच बिस्किटही द्यायचं नाही. चार वाजता पुढचं खाणं आहेच. "एवढी पोरं आहेत, मी कुणाकुणाच्या मागे धावू?" म्हणाल्या. आमच्या घरात एका पोरामागे तीन मोठी माणसं आहेत, तिथेच घोळ आहे बहुतेक.

मोबाइलचं विचारलं. त्यांच्याकडे जेवताना बंद. घरी मोबाइलवर जेवणारं पोर इथे पहिले काही दिवस ताटलीकडे बघतच नाही, म्हणाल्या, घास तोंडात आहे हेच त्याला ठाऊक नसतं. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही दोन वर्षांच्या आत पडदा नको म्हणते. आमच्या सोसायटीत हा विषय काढायची सोय नाही. काढला की समोरचा "तुम्ही घरून काम करता ना, तुम्हाला जमतं" म्हणतो, आणि त्याचंही अगदी चूक नाही. नऊ-दहाची लोकल पकडणाऱ्याला पाऊण तास कुठून आणायचा?

शुक्रवार

बाल्कनीत ताटं. आईने नाचणीचं सत्त्व करायला घेतलंय. भिजवलेली नाचणी वाटायची, पंचातून गाळायची, ते पांढरट पाणी झाकून ठेवायचं. रात्रीत सत्त्व तळाशी बसतं. वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं आणि खालचा थर ताटात पसरून उन्हात. वाळला की भेगा पडून त्याच्या चकत्या सुटतात. हाताने चुरल्या की पावडरीसारखं होतं, पण टाल्कमपेक्षा किंचित करकरीत. घरभर आंबूस वास. मला तो वास आवडतो.

पंचात उरलेला लालसर चोथा आई टाकायला निघाली तेव्हा वाद झाला. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, बाकी कुठल्या धान्यात एवढं नाही, पण त्यातलं बरंचसं सालात असतं. गाळून आपण नेमकं तेच फेकतो. सहा महिन्यांच्या बाळाला गाळलेलं ठीक, बंड्याला दाढा आल्यात, त्याला मोड आणून दळलेलं पीठ चालेल की. आई म्हणाली, "तुला याच सत्त्वावर वाढवलाय." यावर उत्तर नसतं. चोथा भाकरीच्या पिठात मळला, एवढी तडजोड झाली. भाकरी थोडी फुटली. बायकोने दोन खाल्ल्या.

शनिवार

आज थोरलीबद्दल. मनू पाच वर्षांची, सीनिअरला आहे. शाळेने डब्याचं वेळापत्रक दिलंय, सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी उसळ वगैरे. भेंडी द्या, डबा तसाच परत. बाई सांगतात छान खाते. उलगडा आज झाला. ती मैत्रिणीच्या डब्यातली भेंडी खाते, मैत्रीण हिची पोळी खाते. दोघींच्या आया घरी काळजीत. मी बायकोला म्हटलं, मिटलं की. ती म्हणाली, "पण माझी भेंडी का नको?" तर तोच मानाचा प्रश्न, फक्त डब्यात.

दोन ते सहाच्या वयात नव्या पदार्थाला नाक मुरडणं बहुतेक मुलं करतात. ताटात आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पुन्हा पुन्हा दिसला की मग एखाद दिवशी हात जातो. आपण तीनदा देऊन "हिला आवडत नाही" असा शिक्का मारतो, आणि तो शिक्का तिच्यासमोर पाहुण्यांना वाचूनही दाखवतो. मग ती तरी का खाईल?

संध्याकाळी जरा धडकी भरली. मनू आजीची नक्कल करत बंड्यामागे पळत होती, "हा घास ताईचा". वाटीत बघितलं तर फुटाणे. वाटी काढून घेतली, त्याच्या तोंडातही बोट न घालता आधी डोकावून पाहिलं, काही नव्हतं. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं एवढ्या लहानाला द्यायची नाहीत, तीही पळताना-हसताना तर अजिबात नाही, श्वासनलिकेत जातात. शेंगदाण्याचं कूट, द्राक्षाचे उभे चार तुकडे. मनूला हे समजावताना आईही ऐकत होती. तिला उद्देशून मी काही बोललो नाही. पण रात्री बंड्या बसून जेवला. आई समोर पाटावर बसली होती, हात मांडीखाली दाबून. शेवटचा घास "आजीचा" म्हणून तिने भरवलाच. तेवढा चालतो.

रविवार

आत्या आली होती ठाण्याहून. चप्पल काढायच्या आत, "अगबाई, केवढा उतरलाय हा!" आई आत कुकर लावत होती, तिथून ओरडली, "काही उतरला नाही, काट्यावर बघून आलेय मी." मी गप्प. मात्र जेवताना "अजून एक पोळी दे गं त्याला" हे दोघींनी एकदम म्हटलं, तेव्हा तक्त्याचा फार उपयोग झाला नाही. बंड्याने अर्धी खाल्ली आणि उरलेली मोत्याला दाखवायला बाल्कनीत नेली.

आत्याने दुधात घालायच्या चॉकलेट पावडरीचा मोठा डबा आणलाय, उंची वाढवणारा. असल्या पेयांना 'आरोग्यपेय' म्हणून विकू नका असं २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना कळवलं होतं. हे मी आत्याला सांगितलं नाही, तिने चारशे रुपये घातलेत. लेबलावर साखरेचा आकडा वाचला आणि डबा वरच्या फळीवर, पापडांच्या मागे ठेवला. बायको म्हणते आत्या पुढच्या खेपेला डबा किती संपला ते बघणार, तेव्हा निम्मा कामवाल्या मावशींना द्यावा. मी म्हटलं, मग त्यांच्या पोरांनी काय पाप केलंय?

मनूने डबा ठेवताना पाहिलाय. उद्या सकाळी दुधाच्या वेळेला त्यावरून वाजणार, हे नक्की.