अकारविल्हे नको, शेजारानं लावा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमध्ये मी डीटीपीचं काम करतो, म्हणजे दिवसभर लग्नपत्रिका, बिलबुकं, तालमीच्या स्मरणिका आणि उत्तरकार्याच्या पत्रिका, त्यामुळं गेलेल्या माणसांची नावं टाईप करायची सवय आहे. कैलासवासी लिहायचं, नाव टाकायचं, फोटोला चौकट, की पुढचं काम. पण मागच्या दिवाळीआधी मालवणची एक पुस्तिका आली आणि त्या कामाचा एक दिवस लिहून ठेवावा असं फार वाटतंय.

काम घेऊन आलेले साहेब इथंच एका बँकेत आहेत, मूळचे मालवणच्या बाजारपेठेतले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या आळीतली मुंबई-पुणे-कोल्हापूरला पांगलेली घरं गावात जमणार होती, तेव्हा वाटायला आळीतल्या गेलेल्या शेजाऱ्यांची आणि बंद पडलेल्या दुकानांची एक पुस्तिका करायची होती. त्यांनी एक्सेल शीट दिली, नाव, धंदा, गेल्याचं वर्ष असे तीन कॉलम आणि सगळं व्यवस्थित अकारविल्हे. डेमी साईज, सोळा पानं, सेंटर पिन. मी लावून ठेवलं आणि प्रूफ बघायला त्यांनी आपल्या आत्यांना पाठवलं, राजारामपुरीत मुलाकडं असतात त्या, ऐंशीच्या पुढच्या.

आज्जींनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, मग प्रिंट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही मतदारयादी झाली रे झिला."

मी म्हणलं आज्जी नावं चुकलीत का काही, तर म्हणाल्या नावं बरोबर आसत, पण हो दोरवालो आणि हो सोडावालो एका पानार कशे? तेंचां जन्मभर पटला नाय. आणि खाजेवाल्या काकी आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेले शिंपी, ज्यांनी एकमेकांची पोरं सांभाळली, ते चार पानं लांब. कोण कुणाच्या बाजूला होता हेच जर दिसलं नाही तर ती बाजारपेठ कसली, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते लगेच पटलं. आमच्या पेठेतसुद्धा आम्ही पत्ता असाच सांगतो की, अमक्याच्या गिरणीच्या पुढं, तमक्याच्या वाड्याला लागून, आणि ती गिरणी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली असतात तरी पत्ता तोच.

"मी बंदरापासून चलत येतंय, तू लिव," म्हणाल्या.

आणि खरंच चालत आल्या बघा. डोळे मिटले, उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली आणि ती बोटं पावलं टाकावीत तशी पुढं सरकवायला लागल्या. एका दुकानापाशी थांबायच्या, "दोन पायऱ्यो, मगे ओटो," मग धंदा, मग माणूस, मग त्याच्या घरातली माणसं. डावीकडची रांग सांगताना डावा हात, उजवीकडची सांगताना उजवा. मधेच बोट उचलून पुन्हा मागं न्यायच्या कारण एक बोळ राहिला. मी शीट बाजूला ठेवली, कोऱ्या पानावर दोन उभ्या रांगा आखल्या आणि त्या सांगतील तसे चौकोन टाकत गेलो.

काय काय होतं त्या रस्त्यावर! काथ्याच्या दोरीचं दुकान, तिथं आत शिरलं की नाकात काथ्याची धूळ जायची. गोटी सोड्याचा कारखाना, त्यांची रिकामी बाटली पोरांनी गोटीसाठी फोडली की मालक घरापर्यंत यायचा. जाळ्यांचं दुकान, नायलॉन यायच्या आधी सुती जाळी असायची आणि झाडाच्या सालीचं पाणी उकळून त्यात ती रंगवायचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत, तर तो लालसर काढा मोठ्या भांड्यात रटरटायचा त्याचा वास आज्जींना अजून आठवतो. कौलांची वखार. घड्याळवाले. कल्हईवाला, तो फक्त उन्हाळ्यात बसायचा. आणि एक किराणा, त्यात गुळाच्या ढेपा आमच्या कोल्हापूरच्या, फोंडा घाटानं ट्रक उतरायचे आणि जाताना सुकी मासळी आणि नारळ भरून वर यायचे. हे सांगताना त्या माझ्याकडं बघून हसल्या, म्हणजे तुझा-माझा संबंध तेव्हापासूनचा असं काहीतरी.

वर्षाच्या कॉलमचंही तेच. शीटमध्ये पुष्कळ ठिकाणी वर्ष रिकामं होतं आणि आज्जींना तारखा विचारल्या की त्या बोटीवरनं सांगायच्या. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरनं निघणारी बोट, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड करत मालवण, पुढं वेंगुर्ला आणि पणजी. बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि पडावात बसून किनारा गाठायचा. पावसाळ्यात बंद. मग कोण कधी गेलं तर "बोट चालू झाल्यावर पयल्या आठवड्यात" किंवा "बोट कायमची बंद झाली तेच्या आदल्या वर्षी". नंतरचं सगळं रेल्वेवरनं, म्हणजे १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली त्याच्या आधी का नंतर. आणि अगदी अलीकडचं एक, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा दोरवाल्यांच्या बंद दुकानाची कौलं उडाली ती परत कुणी घातलीच नाहीत, आता तिथं पत्रा आहे आणि खाली स्कूबा डायव्हिंगच्या बुकिंगचं टेबल. त्याबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत, पोरांना काम मिळालं म्हणाल्या. मला मात्र ते ऐकून कसंतरीच झालं.

दुपारी दोनच्या सुमारास गाडी अडली. उजवीकडचं पाचवं दुकान. आज्जी म्हणतात घड्याळवाले, पण मग शिंप्यांची जागा जुळेना. त्यांनी मालवणला थोरल्या भावाला फोन लावला, स्पीकरवर. भाऊ पंच्याऐंशीच्या वरचे, ऐकायला कमी, त्यामुळं दोघंही ओरडून बोलणार आणि अख्खी प्रेस काम सोडून ऐकणार.

"तो नाय गो, तेच्या आदी सोनार. घड्याळवालो मगे. तुका आठवणा नाय."

"सोनार समोर होतो दादा!"

असा बराच वेळ वाद. कटिंगवाला पोऱ्या चहा घेऊन आला तो तिथंच उभा राहिला. आणि त्या वादात दादा सहज बोलून गेले की पाचव्या दुकानाच्या पायरीवर तर सुकटवाली बसायची. आज्जी एकदम गप्प. मग म्हणाल्या, "गो बाय माझे. ती ऱ्हवली."

शीटमध्ये ती नव्हतीच. असणार कशी, तिला दुकान नव्हतं, गाळा नव्हता, टोपली आणि पायरी एवढंच. सुकट, जवळा, कधी बांगड्याचे सुके तुकडे. आळीतल्या प्रत्येक घरात तिचा माल शिजलेला, आज्जींच्या लग्नात तिनं टोपली झाकून ठेवून दिवसभर पाणी भरलेलं, आणि दोघांपैकी एकालाही तिचं नाव सांगता येईना. दादांनी शेजारी विचारलं. आज्जींनी मुंबईला बहिणीला फोन केला, मग पुण्याला कुणाला तरी. सगळ्यांना ती आठवत होती, तिची नऊवारी आठवत होती, एका पोराला ती फुकट मूठभर जवळा द्यायची ते आठवत होतं. नाव कुणालाच नाही. आज्जींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला काय बोलावं ते सुचेना, मी नुसता माऊस धरून बसलो.

शेवटी म्हणाल्या तिला पायरीवरच बसव. आता चौकोनांच्या मधे जागा नव्हती, तर मी दोन्ही बाजूचे चौकोन थोडे बारीक केले, पाच आणि सहाच्या मधे एक छोटा चौकोन घातला आणि त्यात "सुकटवाली आजी" असं टाकलं, बाकीच्यांच्याच साईजमध्ये, कारण आज्जींनी तसं बजावलं होतं. मधल्या जोडपानावर आता पूर्ण रस्ता आला, दोन रांगा समोरासमोर, आणि प्रत्येकाची माहिती त्याच क्रमानं पुढच्या पानांत. सोळाची चोवीस पानं झाली. आमच्या मालकांनी जास्तीच्या कागदाचे पैसे लावले पण माझ्या मजुरीचे लावले नाहीत, आणि साहेब संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी काही न बोलता एक्सेलची प्रिंट घडी घालून खिशात ठेवली.

गठ्ठा एसटीनं मालवणला गेला. दिवाळीनंतर प्रेसच्या नंबरवर फोन, दादांचा. पुस्तिका सगळ्यांना आवडली, प्रती कमी पडल्या, अजून शंभर पाहिजेत. आणि सोनार पाचवाच होता, आता आळीतल्या तिघांनी सांगितलंय, तेवढं दुरुस्त करूनच छापा. मी फाईल उघडली, सोनार आणि घड्याळवाल्यांची अदलाबदल केली आणि आज्जींना फोन करून विचारलं चालेल का. त्या म्हणाल्या चलात, पण पायरी हलव नको.