बारा जॅकेटं

"बोट बारा जणांची आहे, पण पंधरा चालतात हो, सगळेच नेतात." बोटवाला सहज बोलून गेला आणि मी लगेच भाड्याला पंधराने भागायलापण लागले, कारण माणशी खर्च एकदम खाली येत होता.

मग सीटखाली बघितलं. लाइफ जॅकेटं बाराच, त्यातल्या एकाचं बक्कल तुटलेलं, सुतळीने बांधलेलं.

पैसे वाचवायचेत तर वीकेंड सोडून घेऊ, दोन तास कमी करू, डिझेल भाड्यात धरलंय का ते आधीच विचारू. पण जास्त माणसं भरली की बोट पाण्यात खाली बसते, आणि फोटोसाठी सगळे एका बाजूला धावले की कलंडते, हे रोज बोट चालवणाऱ्याला माहीत नसेल?

पंधरात माझी भाचीपण होती. नको म्हणून आले.

तुम्ही बोट ठरवताना जॅकेटं मोजता का?