नारायणहिटीच्या फाटकाबाहेर

काठमांडूच्या नारायणहिटी राजवाड्यात, म्हणजे नेपाळच्या राजांच्या आता संग्रहालय झालेल्या घरात, मोबाइल आणि कॅमेरा नेता येत नाही, सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. मला हा नियम फार आवडला. फोटोची घाई नसली की माणसं निदान बघतात तरी. रांग मात्र लांबलचक होती आणि ऊन डोक्यावर.

राजा महेंद्र यांच्या काळात बांधलेला हा वाडा आतून फारसा जुना वाटत नाही. दालनांना नेपाळच्या जिल्ह्यांची नावं आहेत. पेंढा भरलेले वाघ, गोरखा बैठकीतलं सिंहासन, त्यावरचं प्रचंड झुंबर हे सगळं लोक भराभर बघत जातात आणि मागच्या त्रिभुवन सदनापाशी थबकतात. १ जून २००१ च्या रात्री राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि त्यांचे आप्त इथे मारले गेले. इमारत पाडून टाकली आहे, जोतं तेवढं शिल्लक आहे. कोण कुठे पडलं याच्या पाट्या आहेत, जवळच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. “खरंच युवराज दीपेंद्रनेच मारलं का हो?” आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने हे विचारलं आणि गाइडनेही रंगवून सांगितलं. कुतूहल मी समजू शकते. पण ऐकता ऐकता मला राग यायला लागला. राजा इथून गेला तो त्या रात्रीमुळे नव्हे. त्यानंतरही वीरेंद्र यांचे भाऊ ज्ञानेंद्र सात वर्षं गादीवर होते. मग हे घर रिकामं केलं कोणी? आवारातच गणतंत्र स्मारक, म्हणजे प्रजासत्ताकाचं स्मारक, बांधलेलं आहे, त्याचा गाइडने उल्लेखसुद्धा केला नाही.

मी मराठवाड्यातली. आमच्याकडे निजामाची गोष्ट निजामापासून सुरू होत नाही. कोणाच्या घरी निरोप यायचे, कोणी भाकऱ्या पोचवल्या, कोण तुरुंगात गेलं, तिथून सुरू होते. म्हणून असेल, पण फाटकाबाहेरचा दरबार मार्ग मला आतल्या झुंबरापेक्षा मोठा वाटला. आज तिथे विमान कंपन्यांची ऑफिसं आणि महागडी दुकानं आहेत. ६ एप्रिल १९९० ला याच रस्त्याने लोक राजवाड्याकडे निघाले होते आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. महेंद्र यांनी १९६० मध्ये बी. पी. कोइरालांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त करून पक्षांवर बंदी घातली होती. त्या बंदीला तीस वर्षं होत आली होती. संध्याकाळी शहरभर दिवे मालवून लोक निषेध करत. काठमांडूला लागून असलेल्या पाटणच्या लोकांनी तर रस्ते खणून पोलिसांना गावाबाहेर रोखलं होतं. गोळीबारानंतर दोनच दिवसांनी, ८ एप्रिलच्या रात्री, वीरेंद्र यांनी बंदी उठवली.

पोखऱ्याला जाताना आमची बस काठमांडूच्या रिंगरोडवरच्या कलंकी चौकात अडकली. धूळ, हॉर्न, उकाडा. सगळे वैतागले. मी खाली उतरून चहाच्या टपरीवर गेले आणि टपरीवाल्या दिदींशी हिंदीत बोलायला लागले. २००६ साली त्या तिथेच जवळ भाड्याच्या खोलीत राहत होत्या. १ फेब्रुवारी २००५ ला ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली तेव्हा फोनसुद्धा बंद केले होते, आणि पुढच्या वर्षी ६ एप्रिलपासून सात पक्षांनी बंद पुकारला. शहरात संचारबंदी, म्हणून लोक रिंगरोडवर जमायचे. दिदी सांगत होत्या, टायरच्या धुराने खोलीत श्वास घेता येत नव्हता. भाजी मिळायची ती संचारबंदी उठेल तेवढ्या वेळात, आणि भाव चढलेले. तरी चाळीतल्या बायका गच्चीवरून बादल्या भरून पाणी खाली द्यायच्या आणि अश्रुधुरासाठी ओली फडकी टाकायच्या. “आम्ही कुठल्याच पार्टीचे नव्हतो,” हे त्यांनी दोनदा सांगितलं. याच कलंकीत २० एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी राजाने पंतप्रधानाचं नाव सुचवा म्हणून पक्षांना सांगितलं. लोकांनी ते धुडकावलं आणि गर्दी आणखी वाढली. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, खुद्द गृहमंत्रालयातले कर्मचारी त्यात होते. खेड्यांत दहा वर्षं माओवादी युद्ध चाललं होतं, हजारो माणसं मेली होती. ती सगळी दमणूकही या रस्त्यावर उतरली असणार, असं मला वाटतं. २४ एप्रिलला मध्यरात्रीच्या सुमारास राजाने बरखास्त झालेली संसद परत दिली. एकोणीस दिवस.

बस हॉर्न देत होती. दिदींनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

पोखऱ्यात सरोवर सुंदर, हॉटेलचं जेवण बेचव. याहून लिहिण्यासारखं काही नाही.

परतल्यावर काठमांडूच्या लॉजचे मालक म्हणाले, “राजा होता तेव्हा बरं होतं.” सरकारं टिकत नाहीत, पोरं आखातात जातात, असं त्यांचं म्हणणं. विमानतळावर कतार-दुबईला निघालेल्या मुलांच्या रांगा मीही पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांचं दुःख मला खोटं वाटलं नाही. पण मी त्यांच्याशी वाद घातला. २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली, त्या सभेत जवळजवळ एकतृतीयांश बायका होत्या. राजाच्या कुठल्या दरबारात त्या बसल्या होत्या? ते म्हणाले, “ताई, बसून काय केलं त्यांनी?” मी म्हटलं, हे तुम्ही त्यांना विचारू शकता, निवडणुकीत पाडूही शकता, ज्ञानेंद्र यांना घालवायला कलंकीत माणसं मरावी लागली. त्यांना पटलं नाही. त्यांनी दुसरा चहा मागवला आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत भांडत बसलो.