झाकण बंद केल्यावर मेमरी परत येते का?

लिनक्ससाठी लॅपटॉप सर्टिफाय करताना, म्हणजे तो नीट चालतो याची खात्री देताना, ग्राफिक्स ड्रायव्हरची (पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरची) मेमरी मोजायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी ठरलेली रीत असते. मशीन रीस्टार्ट करायचं, बेंचमार्क चालवायचा, सगळ्यात मोठा आकडा टिपायचा आणि पुढचं मॉडेल घ्यायचं. मला ही रीत अपुरी वाटते. ड्रायव्हरने मेमरी घ्यावी, त्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही. पण काम झाल्यावर तो ती परत करतो का, हे कुणी बघायचं?

मी हे काम सांगलीत, विश्रामबागच्या घरातून करते. मोजताना डोळ्यांसमोर असतो माझा आतेभाऊ. मार्केट यार्डात त्याचं हळदीचं अडत दुकान आहे. लॅपटॉप ४ जीबीचा, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच. सकाळी गादीवर आला की मोठ्या मॉनिटरला जोडायचा, सौद्याला निघताना केबल काढायची, परत आल्यावर पुन्हा लावायची. रात्री शटडाउन नाही, नुसतं झाकण बंद. हंगामात आठवडेच्या आठवडे असंच चालतं. अशा मशिनला ग्राफिक्सची वेगळी मेमरी नसते. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर ज्या ४ जीबीत बसतात, त्यातूनच पडद्यालाही जागा द्यावी लागते. काही मशिनवर तर बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आधीच एक वाटा बाजूला काढून ठेवतो, त्यामुळे लिनक्सला एकूण मेमरीच कमी दिसते.

आता मोजायचं कसं? चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या 'टॉप' कमांडमध्ये आरएसएसचा रकाना असतो, म्हणजे कुठल्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) किती मेमरी धरली आहे ते. त्यावर विसंबता येत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मेमरीची जी पानं, म्हणजे तुकडे, घेतो, त्यांचा पूर्ण हिशेब प्रोसेसच्या नावावर लागत नाही. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरचे बफर (चित्रासाठी घेतलेले मेमरीचे तुकडे) 'मेमइन्फो' या कर्नलच्या मेमरी-हिशेबात 'Shmem' म्हणजे सामायिक मेमरीच्या ओळीत धरलेले सापडतात, पण सगळ्या ड्रायव्हरांचं तसं नाही. म्हणून मी 'मेमअव्हेलेबल' (वापरायला किती मेमरी उरली याचा कर्नलचा अंदाज) आणि प्रत्येक प्रोसेसचा 'एफडीइन्फो' (त्याने उघडलेल्या फायलींची कर्नलमधली माहिती) असं दोन्ही बघते. एफडीइन्फोत ड्रायव्हर स्वतःच सांगतो की कुणाच्या नावावर किती बफर आहेत. फक्त बेरीज जपून करायची. एकच बफर ॲप आणि कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) या दोघांच्याही नावावर असू शकतो. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं लागली म्हणून जमीन दुप्पट होत नाही, तसंच हे. क्लायंट आयडी (ड्रायव्हरने प्रत्येक वापरकर्त्या प्रोग्रामला दिलेला क्रमांक) एकच असेल तर ती नोंद एकदाच धरायची आणि 'शेअर्ड'चा आकडा वेगळा ठेवायचा.

आणखी एक. वापरलेली मेमरी लगेच खाली आली नाही म्हणून ती गळती, म्हणजे घेतलेली मेमरी कधीच परत न करणं, ठरत नाही. सुटलेले बफर पुन्हा वापरता यावेत म्हणून ड्रायव्हर ते काही काळ धरून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे मी थोडं थांबते, मग मुद्दाम मेमरीचा ताण देते, म्हणजे ती अपुरी पडेल अशी वेळ आणते. साठवून ठेवलेलं असेल तर ते तेव्हा सुटतं. गळलेलं मात्र सुटत नाही.

एका मॉडेलवर बेंचमार्कचे आकडे अगदी छान आले होते. मग मी आतेभावासारखी मॉनिटरची केबल काढून-लावून बघायला लागले. दर वेळी ८ एमबीच्या आसपास मेमरी कमी होत गेली. हा आकडा ओळखीचा आहे. १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ८२,९४,४०० बाइट. एक पूर्ण पडदा! मॉनिटर गेला तरी त्याचा फ्रेमबफर (पूर्ण पडद्याचं चित्र ठेवणारा बफर) कुणीतरी धरून बसलं होतं. दिवसात सहा वेळा केबल निघते असं धरलं, तर महिन्याला १,४४० एमबी. ४ जीबीच्या मशिनचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यातच गेला. रीस्टार्ट करून अर्धा तास चालवलेल्या चाचणीत हे कधीच दिसलं नसतं.

रिपोर्टमध्ये 'मेमरी वाढते' एवढंच लिहिलं की उत्तराची वाट बघत बसावं लागतं. 'दर वेळी एक फ्रेमबफर उरतो' असं लिहिलं की ड्रायव्हरवाले थेट त्या जागी हात घालतात.

आता प्रत्येक मॉडेलला मी हाच क्रम लावते: केबल, झाकण, केबल, झाकण, आणि शेवटी ताण. कर्नल, मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा कर्नलबाहेरचा भाग) आणि फर्मवेअर (हार्डवेअरमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) यांच्या आवृत्त्या आकड्यांशेजारीच लिहिते. पुढे ४के मॉनिटर जोडून बघायचं आहे. तिथे एक पडदा ३,३१,७७,६०० बाइटचा, त्यामुळे असा बफर अडकत असेल तर तो चौपट लवकर डोळ्यांत भरेल.