नमुना 41 : तिसऱ्या रात्री बुडालेला तुकडा

सीलच्या मानेत फास बनू शकणारे जाळ्यांचे आणि पट्ट्यांचे तुकडे मी कोणत्या प्लास्टिकचे आहेत त्यानुसार वेगवेगळ्या रकान्यांत लावतो आहे. मागच्या नोंदीत नमुना 41 मी ठामपणे पॉलिथिलीनच्या रकान्यात टाकला होता. तो निर्णय आज मागे घेत आहे. हिरव्या, विणीच्या सुताचा हा जाळ्याचा तुकडा गोड्या पाण्याच्या बरणीत दोन दिवस निवांत तरंगला आणि तिसऱ्या रात्री, कोणी हात लावलेला नसताना, तळाशी जाऊन बसला.

गोड्या पाण्याची घनता 1, पॉलिथिलीनची 0.95 च्या आसपास आणि नायलॉनची 1.14, म्हणजे पहिले तरंगायला हवे आणि दुसरे बुडायला; त्यामुळे ही परीक्षा कागदावर निर्विवाद आहे. माझा घात केला तो गाठींनी. विणीत आणि गाठीच्या पोटात कोंडलेली हवा नायलॉनलाही उचलून धरते. तुकडा पाण्याखाली पिळला, ब्रशने घासला, तरी गाठीतून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे निघतच राहिले. उलट नमुना 17 पॉलिथिलीनचा असूनही बुडत होता, कारण त्यावर बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या समुद्री जीवाची जड कवचे होती. तुलनेसाठी ‘शुद्ध नायलॉन’ म्हणून विकत आणलेले सूतही तरंगू लागले, तेव्हा विक्रेत्याच्या लेबलावरचा माझा विश्वास उडाला. अखेर गाठ टाळून एकच तंतू सोडवला, भांडी घासायच्या द्रवाचा थेंब टाकून पाण्याचा पृष्ठताण मोडला, आणि तो तंतू सरळ तळाला गेला. मोकळ्या हवेत जाळून पाहिला, तर पॉलिथिलीनला येतो तो विझलेल्या मेणबत्तीचा वासही आला नाही. नायलॉनच!

रकाना चुकला की पुढचा तर्कही चुकतो, कारण पृष्ठभागावर तरंगत राहणारा तुकडाच कुतूहलाने डोके घालणाऱ्या सीलच्या पिल्लाच्या वाटेत येण्याची शक्यता अधिक. सीलचे केस मागे वळलेले असतात, म्हणून मानेत गेलेला फास उलटा निघत नाही आणि प्राणी वाढतो तसा मांसात रुतत जातो.

एक छोटा विजयही नोंदवतो. नमुना 38, म्हणजे पॅकिंगची पट्टी, स्पिरिटमध्ये पाणी थेंबथेंब वाढवत नेले तेव्हा पॉलिथिलीनच्या तंतूआधी वर आली. अर्थात ती पॉलिथिलीनपेक्षा हलक्या पॉलिप्रॉपिलीनची. दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जियाच्या बर्ड आयलंडवर फर सीलच्या मानांभोवती अशाच पट्ट्या आढळल्या आहेत. माझी पट्टी अजून न कापलेल्या कड्यासारखी अखंड आहे. खोके उघडताना ती कात्रीने कापली असती, तर फास उरलाच नसता.

डिजिटल कॅलिपर मात्र मी आता कपाटात ठेवला आहे, कारण त्याचे जबडे मऊ सूत चेपतात. आस, म्हणजे जाळ्याचे एक छिद्र, ताणून साध्या मोजपट्टीने मोजणे बरे. पुढच्या वेळी सर्व आसांचा तक्ता देणार होतो, पण हे लिहितानाच त्यातील उणीव ध्यानात आली. नमुना 41 ची आस ताणून 120 मिमी भरते, म्हणजे छिद्राचा परीघ 240 मिमी. परंतु दोन आसांमधला एक धागा तुटला की तेच छिद्र 360 मिमीचे होते. आता आधी तुटलेले धागे मोजायचे, आणि त्यासाठी 1 ते 40 पुन्हा बाहेर काढायचे.